अलंकार, छिद्र आणि पाणी : जुन्या मोटारगाड्यांच्या गळतीचा इतिहास

(१)
१९५०च्या दशकातील अमेरिकन मोटारगाडी समोर आली की नजर प्रथम जाते ती हेडलाइटपासून डिकीपर्यंत धावणाऱ्या चकाकत्या धातूच्या पट्टीकडे. ही पट्टी म्हणजे गाडीचा दागिना. पण दागिना घालायचा तर कान टोचावे लागतात. गाडीचेही तसेच झाले. प्रत्येक पट्टीसाठी, प्रत्येक बोधचिन्हासाठी, नावाच्या प्रत्येक अक्षरासाठी तिच्या पत्र्याला छिद्रे पाडावी लागली, आणि प्रत्येक छिद्रातून पाण्याला आत येण्याची वाट मिळाली. अपघातांनी जितक्या जुन्या गाड्या संपवल्या, त्याहून कितीतरी अधिक गंजाने संपवल्या. त्या गंजाचा आणि त्याला रोखू पाहणाऱ्या चिमूटभर लुकणाचा इतिहास या धाग्यात पाहू.

(२)
आरंभीच्या गाड्यांना गळतीचा प्रश्न फारसा नव्हता, कारण त्यांना छतच नव्हते. त्या घोडागाडीच्या वंशातल्या. पाऊस आला की कातडी किंवा मेणकापडी टप वर ओढायचा आणि उरलेले भिजणे मुकाट्याने सोसायचे. १९२०च्या दशकात हे चित्र झपाट्याने पालटले. हडसन कंपनीने आपली बंद 'एसेक्स' गाडी इतकी स्वस्त केली की १९२५ पर्यंत ती उघड्या गाडीपेक्षाही कमी किमतीत मिळू लागली. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नोंदवलेले आकडे बोलके आहेत : अमेरिकेत बंद गाड्यांचे प्रमाण १९२४ साली ४३ टक्के होते, १९२६ साली ७२ टक्के आणि १९२७ साली ८५ टक्के. ग्राहकाने पैसे मोजले होते ते कोरडे राहण्यासाठी, त्यामुळे आता आत आलेला एक थेंबही तक्रारीचे कारण ठरू लागला.

(३)
बंद गाडी म्हणजे मात्र पूर्ण पोलादी गाडी नव्हे. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या छताचा मधला भाग कापडाचा असे. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेल्या त्या कापडावर जलरोधक लेप दिलेला असे. याचे कारण साधे होते : अख्ख्या छताएवढा रुंद पोलादी पत्रा एकसंध तयार करण्याची आणि तो एका दाबात घडवण्याची सोय तोवर झाली नव्हती. जनरल मोटर्सने १९३५च्या गाड्यांसाठी एकसंध पोलादी छत आणले आणि 'टरेट टॉप' या नावाने त्याची मोठी जाहिरात केली. गाडीच्या अंगावरची सर्वांत मोठी उघडी जागा अशी बंद झाली. पाण्याने आता बारीक वाटा शोधल्या.

(४)
या बारीक वाटा माणसाने हौसेने तयार केल्या. १९२७ साली जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' हा स्वतंत्र विभाग उघडला. गाडी यंत्र म्हणून जितकी विकली जाते, तितकीच रूप म्हणूनही विकली जाते, हा त्यामागचा हिशेब होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर देता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर या चकाकीला उधाण आले. १९५८च्या ब्युइकच्या केवळ पुढच्या जाळीवर क्रोमचे १६० चौकोनी तुकडे होते. पट्टी ही त्या काळी प्रतिष्ठेची खूणही होती. एकाच साच्यातल्या पत्र्यावर साधी पट्टी लावली की स्वस्त गाडी, आणि रुंद, वळणदार पट्टी लावली की महाग गाडी. छिद्रांची संख्या अशा रीतीने किमतीबरोबर वाढत गेली.

(५)
ही पट्टी बसवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. पत्र्याला ओळीने छिद्रे पाडत. त्यांत स्प्रिंगच्या पोलादाच्या क्लिपा अडकवत आणि त्यांवर पट्टी दाबून बसवत. पट्टीच्या टोकांना बहुधा आट्यांचा खिळा असे. त्याला आतून नट लावत. पट्टी आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट राही. दाराच्या अंगावरून ओघळणारे पाणी पट्टीच्या वरच्या कडेला अडते आणि केशाकर्षणाने त्या फटीत ओढले जाते. दिवा जसा वातीतून तेल ओढतो, तसेच हे घडते. एकदा शिरलेले पाणी ऊन पडले तरी लवकर वाळत नाही, कारण तिथे वारा पोहोचत नाही. गाडी धावू लागली की भोवतालच्या हवेचा दाब ठिकठिकाणी बदलतो, आणि जिथे बाहेरचा दाब आतल्यापेक्षा अधिक असतो तिथे पाणी आत रेटले जाते.

(६)
छिद्राची कड ही पत्र्याची सर्वांत दुबळी जागा. रंग तिथे नीट बसत नाही आणि बसला तरी क्लिपच्या हालचालीने खरवडला जातो. पट्टी स्टेनलेस पोलादाची असेल तर आणखी एक संकट उभे राहते. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये पाणी अशी रचना झाली की तो एक छोटासा विद्युत्‌घट बनतो. त्यात साधे पोलाद झिजते, स्टेनलेस मात्र चकाकत राहते. दागिना शाबूत आणि अंग पोखरलेले, असे हे विचित्र दृश्य. वरच्या रंगाला बुडबुडा आलेला दिसतो, तेव्हा आतील काम बरेच पुढे गेलेले असते.

(७)
यावरचा उपाय नवा नव्हता. जहाजांच्या फळ्यांमधील सांधे तंतू आणि राळ ठासून बंद करण्याची विद्या शतकानुशतके चालत आली होती. गाडीला मात्र असे काहीतरी हवे होते, जे दाबल्यावर दबेल आणि सोडल्यावर पुन्हा फुगेल. ते म्हणजे रबर. ग्लासगोचे चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली नॅफ्थ्यात विरघळवलेल्या रबराने जलरोधक कापड बनवण्याचे पेटंट घेतले. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर स्थिर होते, हे उमगले. इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉक यांनी १८४३ साली, तर गुडइयर यांनी अमेरिकेत १८४४ साली त्याचे पेटंट मिळवले. गंधक रबराच्या लांब रेणुसाखळ्यांना एकमेकींशी बांधते, म्हणून ते ताणल्यावर मूळ आकारात परतते. गुडइयर १८६० साली कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली इतरांनी काढली.

(८)
त्या रबरामागे माणसांची किंमत होती, हेही विसरून चालणार नाही. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. तिथली रोपे पुढे श्रीलंका आणि मलाया येथे गेली. भारतात १९०२ साली त्रावणकोरमध्ये, पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे व्यापारी मळा सुरू झाला. हे मळे पुरेसे पिकण्याआधी जगाची भूक भागवली ती जंगली रबराने, आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोत त्या रबरासाठी जे अत्याचार झाले, ते रॉजर केसमेंट यांच्या १९०४च्या अहवालाने जगासमोर आणले. दाराच्या कडेची काळी रबर पट्टी निर्जीव वस्तू असली, तरी तिच्या कच्च्या मालाची वाट अशा प्रदेशांतून गेलेली आहे.

(९)
१९४२ साली जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचा सुमारे ९० टक्के नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. त्या टंचाईने कृत्रिम रबराला बळ दिले, पण त्यातली काही रसायने आधीच जन्मली होती. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली निओप्रीन सापडले. १९३७ साली स्टँडर्ड ऑइलच्या संशोधकांनी ब्युटाइल रबर तयार केले. त्यातून हवा आणि पाणी फारच कमी झिरपते. जोसेफ पॅट्रिक यांचा शोध तर अपघाताचाच. १९२०च्या दशकात ते गाडीच्या रेडिएटरसाठी गोठणरोधक द्रव शोधत होते. हाती आला तो कमालीचा दुर्गंधी, चिवट गोळा. त्याचे नाव 'थायोकोल'. महायुद्धात त्याच कुळातील द्रव रबराने विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे बंद केले. विमानांसाठी घडलेले हे सांधेबंदीचे ज्ञान युद्धानंतर इतर उद्योगांनाही मिळाले.

(१०)
तरीही जुन्या गाड्यांचे रबर तडकतच राहिले. त्याचे कारण हवेतच आहे. नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतील ओझोन नेमका त्यांच्यावर घाव घालतो. ताणलेल्या रबरावर आडव्या बारीक भेगा पडतात, त्या यामुळेच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस ईपीडीएम हे रबर बाजारात आले. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्यामुळे ऊन, पाऊस आणि ओझोन यांना ते दीर्घकाळ तोंड देते. आज जवळपास प्रत्येक गाडीच्या दारांभोवती हेच रबर दिसते. त्याआधीच्या गाड्यांच्या नशिबी ते नव्हते. त्यांचे रबर जन्मतःच अल्पायुषी होते.

(११)
सामग्री चांगली असली, तरी रचना चुकली की पाणी ती चूक शोधून काढते. १९५९ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची 'मिनी' बाजारात आली. अलेक इसिगोनिस यांची ती रचना आजही अभियांत्रिकीचा नमुना मानली जाते. पत्र्यांचे जोड बाहेरच्या बाजूला काढून त्यांवर पट्टी बसवण्याची युक्तीही तिच्यात होती. परंतु आरंभीच्या मिनींमध्ये पावसात पायाखालची जाजमे भिजू लागली. जमिनीच्या पत्र्यांचा एकमेकांवर चढणारा जोड उलट्या दिशेने ठेवला गेला होता. पुढची कड उघडी राहिल्याने धावत्या गाडीखाली उडणारे पाणी तिथून आत ओढले जाई. कौलारू घर शाकारणारा कोणताही गडी सांगेल, की वरच्या कौलाने खालच्यावर यावे, उलट नव्हे. आधुनिक कारखान्याला तोच धडा नव्याने गिरवावा लागला.

(१२)
याच सुमारास गळतीचे स्वरूपही गंभीर होत गेले. पूर्वीच्या गाडीत भार वाहणारी चौकट वेगळी आणि वरचे अंग वेगळे असे. दार गंजले तर दार बदलता येई. लान्सिया लॅम्ब्डा (१९२२) आणि सिट्रोएन त्राक्सिओं आव्हां (१९३४) यांसारख्या गाड्यांनी दाखवलेली एकसंध अंगाची पद्धत युद्धानंतर सर्वत्र पसरली. तीत पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्याच गाडीचा कणा असतात. अशा पेटीत पाणी साचले, तर गंज थेट कण्याला लागतो. १९८० साली ब्रिटनमध्ये लान्सिया बीटा गाड्यांवरून मोठा गहजब झाला, तो इंजिनाची उपचौकट जिथे जोडलेली असते तो भाग गंजल्यामुळे. कंपनीला कित्येक गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. तोवर घरगुती डोकेदुखी समजली जाणारी गळती आता जिवाच्या सुरक्षिततेचा आणि कंपनीच्या अब्रूचा प्रश्न झाली होती.

(१३)
येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. पाण्याशी वागण्याच्या दोन नीती आहेत : एक, त्याला येऊच द्यायचे नाही, दुसरी, आले तर सन्मानाने जाऊ द्यायचे. गाडीचे दार दुसऱ्या नीतीवर चालते. खालीवर होणाऱ्या काचेच्या फटीतून दारात थोडे पाणी जाणारच, हे अभियंत्यांनी आरंभापासून मान्य केले होते. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे असतात. कोकणातल्या घराच्या पागोळ्या आणि वळचण यांचे तर्कशास्त्र याहून निराळे नाही. पाला आणि चिखल यांनी ही छिद्रे बुजली, किंवा अतिउत्साही कारागिराने ती लुकण भरून बंद केली, की दाराची टाकी होते. वरची छिद्रे बंद हवीत आणि खालची उघडी, या साध्या नियमाच्या विस्मरणाने असंख्य दारे खालून कुजली.

(१४)
या इतिहासाचा एक अध्याय मुंबईत घडला. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत उतरलेले ते उद्योगपती. कुर्ल्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकात इटलीच्या फियाट ११००चे उत्पादन सुरू झाले आणि १९७०च्या दशकात तिच्या वंशजेला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. तोरिनोच्या हवामानात आखलेली ही गाडी अशा शहरात आली, जिथे वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. मिठामुळे पाणी अधिक वीजवाहक होते आणि गंजाचा वेग वाढतो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या समोरच्या काचेचे रबर बीडिंग, दारांच्या खालच्या कडा आणि जमिनीचा पत्रा ही मुंबईच्या गॅरेजांची नित्याची कामे बनली. पत्रा कापून नवा जोडणे, लांबी भरणे, घासणे, पुन्हा रंग देणे या चक्रावर कित्येक कारागिरांची घरे चालली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली.

(१५)
उद्योगाने या प्रश्नाचे शेवटी दोन बाजूंनी उत्तर शोधले. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीने अख्खे अंग रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवण्याची पद्धत प्रचारात आणली. जिथे फवारा पोहोचत नव्हता, त्या पोकळ पेट्यांच्या आतही आता रंग पोहोचला. पुढे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. १९८०च्या दशकापासून दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या अ‍ॅक्रिलिक फोमच्या टेपने पट्ट्या थेट रंगावर चिकटवता येऊ लागल्या. छिद्र बुजवण्याची धडपड अखेर छिद्र न पाडण्यापाशी येऊन थांबली. पण तोवर क्रोमचा जमानाही ओसरला होता.

(१६)
जुन्या गाड्या मात्र आपल्या छिद्रांसह मागे राहिल्या. त्या जपणाऱ्यांची रीत आज साधारण ठरून गेली आहे. पट्टी अलगद काढायची. छिद्राची कड गंज निघेपर्यंत स्वच्छ करायची. उघड्या धातूवर प्रायमर आणि रंग देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा. मग क्लिपच्या किंवा खिळ्याच्या मुळाशी न वाळणाऱ्या ब्युटाइलची बारीक वळी गुंडाळून ती छिद्रात दाबायची. नट घट्ट होताना ती पसरते आणि छिद्राच्या काठांना धरून बसते. पट्टीच्या खालच्या कडेला मात्र काहीही लावायचे नाही, म्हणजे मागे शिरलेले पाणी निथळून जाते. घरगुती सिलिकॉन टाळायचे. त्यातल्या ज्या प्रकाराला व्हिनेगरसारखा वास येतो, तो वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो आणि उघड्या पोलादाला गंज चढवतो. शेवटी पाण्याची परीक्षा घ्यायची : नळीची धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची आणि दुसऱ्याने आत बसून पाहायचे. धार वरून सुरू केली, तर पाणी नेमके कुठून आले हे कळत नाही.

(१७)
इतिहासाच्या अभ्यासकापुढचा खरा पेच इथेच उभा राहतो. १९५५च्या गाडीत त्या काळचे, वर्षानुवर्षांत दगड झालेले लुकण सापडले, तर ते काढावे की ठेवावे? ते आपले काम करत नाही, पण कारखान्यातल्या कामगाराच्या बोटाचा दाब त्यावर उमटलेला असू शकतो. किती लावले, कुठे लावले, कुठे घाईत विसरले, हे तेच सांगते. १९६४च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जतनाची तत्त्वे मांडली. त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली तोरिनो सनद अंगीकारली. तिचा गाभा असा, की शक्य तितका मूळ भाग राखावा, हस्तक्षेप कमीत कमी असावा, आणि जे नवे घातले त्याची नोंद ठेवावी. मूळ रबराच्या हट्टापायी गाडी कुजू देणे हे जतन नव्हे. आणि नोंद न ठेवता सारे नवे करून टाकणे म्हणजे पुरावा पुसणे.

(१८)
म्हणून सुज्ञ संग्राहक मधली वाट धरतात. काढलेल्या लुकणाचा तुकडा, जुनी क्लिप आणि रबराची एक वीतभर पट्टी चिठ्ठी लावून जपून ठेवतात, छायाचित्रे घेतात आणि मगच नवे ब्युटाइल भरतात. नवे द्रव्य पट्टीमागे लपते आणि पुढे कधीही काढता येते. गाडीचे रूप बदलत नाही, तिचे आयुष्य मात्र वाढते.

रबरासाठी राबलेली माणसे, प्रयोगशाळेतला दुर्गंधी गोळा, कुर्ल्याच्या कारखान्यातले हात आणि गॅरेजमध्ये लांबी घासणारा कारागीर यांची नावे कोणत्याही गाडीच्या अंगावर क्रोमच्या अक्षरांत कोरलेली नाहीत. ती अक्षरे बसवण्यासाठी पाडलेली छिद्रे कोरडी ठेवण्याचे काम मात्र त्यांनीच केले. पुढच्या वेळी एखादी जुनी गाडी पाहाल, तेव्हा पट्टीच्या चकाकीबरोबर दाराच्या खालच्या कडेकडेही पाहा. तिचे वय तिथे अधिक खरे कळते.